सवय राहते कुठे?

तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ अकरा वर्षे माझ्याकडे रक्तदाबासाठी येत असत. मी त्यांना काका म्हणतो. आमच्या तालुक्याच्या गावी गेली २७ वर्षे मी दवाखाना चालवतो आहे, आणि या काळात औषधांच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर रुग्ण मी क्वचितच पाहिला असेल. रक्तदाब सदैव १३०-८० च्या आसपास. "शिस्त शिकावी तर काकांकडून," असे मी इतर रुग्णांना त्यांच्यादेखत सांगत असे, आणि काका संकोचून हसत.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी काका खोकल्यासाठी आले. रक्तदाब पाहिला तर १८४-१०४. "गोळ्या चुकतात का?" मी विचारले. "कधीकधी राहून जाते," ते खाली मान घालून म्हणाले. बाहेर वीसेक माणसे ताटकळत होती. "आता स्वतःकडे तुम्हालाच लक्ष द्यायला हवं, काका," असे म्हणून मी गोळीची मात्रा वाढवली आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

पाच आठवड्यांनी एका सकाळी काकांच्या डाव्या हातातून पाण्याचा पेला निसटला आणि तोंड एका बाजूला ओढले गेले. शेजाऱ्यांनी वेळ न दवडता त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले, म्हणून निभावले. जीव वाचला, वाचा टिकली. डाव्या हातापायांत मात्र अशक्तपणा राहिला.

महिनाभराने ते काठी टेकत दवाखान्यात आले, तेव्हा जो प्रश्न अकरा वर्षांत मी त्यांना कधी विचारला नव्हता, तो विचारला. "काका, तुम्ही रोज गोळी घ्यायचात, ती नेमकी कशी?"

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ही सकाळी चहाचा कप आणायची, त्याबरोबर स्टीलच्या छोट्या वाटीत गोळी असायची. चहा झाला की वाटीतली गोळी घ्यायची, एवढंच मला माहीत. पाकीट कुठल्या फडताळात असतं, तेसुद्धा ती गेल्यावर शोधलं मी."

मी ज्यांच्या शिस्तीचे गोडवे गात होतो, त्यांच्या त्या सवयीचे दुसरे टोक काकूंच्या हातात होते. काकू गेल्या आणि सवयही गेली. तिच्या जागी नवी सवय लावून देण्याऐवजी मी फक्त मात्रा वाढवली होती. जी गोळी पोटात जातच नाही, तिची मात्रा वाढवून काय होणार? ही चूक मी विसरलेलो नाही. आज सवयींविषयी तुमच्याशी बोलावेसे वाटते, त्याचे कारणही तीच आहे.

वाचकहो, सवय ही माणसाच्या मनोनिग्रहात राहते, अशी आपली समजूत असते. ज्याचा निग्रह दांडगा, त्याच्या सवयी टिकतात. ज्याच्या टिकत नाहीत, तो आळशी. निदान उतारवयाच्या बाबतीत तरी हे खरे नाही, असे मी आता ठामपणे म्हणेन. सवय बऱ्याच अंशी माणसाबाहेर राहते: ठरलेल्या जागेत, ठरलेल्या वेळेत, एखाद्या वस्तूत, कधी शेजारी बसणाऱ्या माणसात. ती खूण समोर आली की मन विचार करीत बसत नाही, हात आपोआप पुढे होतो. घर बदलल्यावर पहिले काही दिवस अंधारात तुमचा हात जुन्या घरातल्या बटणाच्या उंचीवर भिंत चाचपत राहतो, हे तुम्ही अनुभवले असेल. हात चुकलेला नसतो. भिंत बदललेली असते.

मेंदूच्या अंतर्भागात काही केंद्रके आहेत. वारंवार केलेली कृती हळूहळू त्यांच्या ताब्यात जाते. प्रसंग आणि गोष्टी लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग वेगळा. हे दोन विभाग किती वेगळे, हे अमेरिकेतील संशोधक लॅरी स्क्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दिसून आले. स्मरणशक्ती जवळजवळ पूर्णपणे गमावलेल्या दोन रुग्णांना वस्तूंच्या आठ जोड्या वारंवार दाखवल्या गेल्या. प्रत्येक जोडीतील ‘बरोबर’ वस्तू निवडायची. आपण असे काही पूर्वी केले आहे, हे त्या रुग्णांना आठवतही नसे. तरी कित्येक आठवड्यांनंतर त्यांचा हात अचूक वस्तूकडे जाऊ लागला. मात्र मांडणी बदलली, त्याच वस्तू एकत्र ठेवून ‘बरोबर कोणत्या, त्या वेगळ्या काढा’ असे सांगितले, तेव्हा ते शिकलेले सारे कोलमडले. काकांची स्मरणशक्ती तर उत्तम होती. ती मी तपासलीही, कारण "माझा मेंदू गेला का हो?" असे ते मला विचारीत होते. त्यांचीही मांडणीच तेवढी बदलली होती.

म्हणून नवी सवय लावायची झाली की पहिला प्रश्न ‘मी निश्चय किती करू?’ हा नको. ‘ही सवय मी कशाला अडकवू?’ हा हवा. भिंतीला खुंटी नसेल तर सदरा कितीही चांगला असो, तो जमिनीवरच पडायचा.

खुंटी म्हणजे जे काम तुम्ही आजही, कोणी न सांगता, रोज करता ते. सकाळचा चहा. दात घासणे. तुळशीला पाणी घालणे. वर्तमानपत्र उघडणे. दुपारच्या जेवणानंतरची सुपारी किंवा बडीशेप. दिवेलागणीला देवापाशी दिवा लावणे. रात्री दाराची कडी घालणे. एका कागदावर तुमच्या दिवसातल्या अशा सहा-सात गोष्टी लिहून काढा. ‘सकाळी व्यायाम करीन’ हा संकल्प अधांतरी राहतो, कारण सकाळ चार तासांची असते. ‘चहाचे आधण ठेवले की ते उकळेपर्यंत ओट्याला धरून उभ्याउभ्या टाचा दहा वेळा उचलीन’ या वाक्याला जागा आहे, वेळ आहे आणि शेवटही आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी अशा ‘अमुक झाले की तमुक करीन’ या स्वरूपाच्या संकल्पांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि मोघम निश्चयापेक्षा ते कृतीत अधिक उतरतात, असे दाखवून दिले. मला यात नवल वाटत नाही. आपल्याकडे कोणत्याही संकल्पात तिथी, वार, स्थळ यांचा उच्चार करण्याची पद्धत आहेच.

किती दिवसांत सवय लागते, हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारते, आणि विचारणाऱ्यानेच उत्तर आणलेले असते: एकवीस दिवस. हा आकडा भ्रमणध्वनीवरील संदेशांतून घरोघरी पोहोचला आहे. त्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडते. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना ‘किमान’ एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘किमान’ वाटेत गळून पडला.

पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना प्रत्येकी एक नवी सवय निवडायला सांगून बारा आठवडे त्यांच्या नोंदी घेतल्या. न्याहरीनंतर पाणी पिणे, जेवणाबरोबर फळ खाणे, रात्रीच्या जेवणापूर्वी धावणे अशा साध्याच सवयी. कृती आपोआप घडू लागण्यास लागलेल्या दिवसांचा मध्यांक ६६ निघाला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत तो अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर रुजली, व्यायामाला अधिक काळ लागला. यात भाग घेणारे बहुतेक तरुण विद्यार्थी होते, तेव्हा ६६ हा आकडा आपल्या आजी-आजोबांना जसाच्या तसा लावू नये. या अभ्यासातील दुसरी एक गोष्ट मात्र मला अधिक मोलाची वाटते. मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय रुजण्यात विशेष खंड पडला नाही. ‘एक दिवस चुकला, आता सगळे गेले’ असे म्हणून हात टेकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे हे शहाणपण जुनेच आहे. चातुर्मासाचा नेम धरण्याची रीत आठवा. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत एखादी लहानशी गोष्ट धरायची किंवा सोडायची: कोणी कांदा-लसूण वर्ज्य करी, कोणी रोज पोथीचा एक अध्याय वाची, कोणी एकवेळ जेवी. नेम एकच आणि आवाक्यातला. आरंभाचा दिवस साऱ्या गावाला ठाऊक. घरातल्या सगळ्यांना त्याची कल्पना असल्यामुळे स्वयंपाकही त्याला सांभाळून होई. शिवाय चार महिने म्हणजे ६६ दिवसांहून बरेच अधिक. माझ्या आजीने असे किती नेम केले याची गणती नाही. यातली एकच गोष्ट आरोग्याच्या सवयींना परवडत नाही, ती म्हणजे उद्यापन. रक्तदाबाच्या गोळीचे उद्यापन करणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. "आता नॉर्मल आलंय ना, म्हणून बंद केली," असे ते मला समाधानाने सांगतात. बाबांनो, गोळीमुळे नॉर्मल आले आहे! डॉक्टरांना विचारल्याखेरीज ती थांबवू नका.

आता सवयीच्या आकाराविषयी. येथे मी स्वतःचेच उदाहरण देतो, कारण ते पुरेसे लाजिरवाणे आहे. ‘रोज पंचेचाळीस मिनिटे चाला’ हे वाक्य मी हजारो चिठ्ठ्यांवर लिहिले असेल. पन्नाशी उलटल्यावर माझी साखर वाढू लागली, तेव्हा ते स्वतःला लागू करायची वेळ आली. महागडे बूट आणले, पहाटे पाचचा गजर लावला. पहिल्या खेपेस नऊ दिवस टिकलो, दुसऱ्या खेपेस सहा, तिसऱ्यांदा गजर बंद करून झोपलो. चौथ्या वेळी पत्नीने विचारले, "दुपारी दवाखाना बंद केल्यावर घरी स्कूटरवरच का यावं लागतं?" दवाखान्यापासून घर बारा मिनिटांच्या अंतरावर आहे. कुलूप लावले की चालायला लागायचे. कुलूप ही माझी खुंटी झाली, आणि कुलूप काही कोणी लावायचे विसरत नाही. त्या बारा मिनिटांची पुढे दोन्ही वेळची मिळून चाळीस झाली, पण ती आपसूक. बूट अजून नवेच आहेत.

तेव्हा सुरुवात इतकी लहान ठेवा की, कोणाला सांगताना थोडा संकोच वाटावा. वाताने धरलेल्या गुडघ्यांच्या आजींना मी ‘तीन वेळा’ एवढाच व्यायाम सांगतो. भिंतीला टेकवलेल्या, हात असलेल्या भक्कम खुर्चीतून सावकाश उठायचे आणि सावकाश बसायचे, तीन वेळा. दूरदर्शनवरच्या मालिकेत जाहिराती लागल्या की. दुखले तर थांबायचे आणि मला सांगायचे. आठ-पंधरा दिवसांनी त्याच म्हणतात की आता पाच जमतात. पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. कारण उघड आहे. या वयात खुब्याचे हाड मोडले की सगळ्या घराची घडीच विस्कटते. परंतु ‘तोलाचे व्यायाम करा’ असे मी सांगितले, तर आजी मान डोलावतील आणि घरी जाऊन काहीच करणार नाहीत. जाहिराती मात्र रोज लागतात.

पडण्यावरूनच आणखी एक सवय सांगतो, जी मी प्रत्येक वृद्धाने लावून घ्यावी या मताचा आहे. रात्री लघवीला उठताना एकदम उभे राहू नये. पाय पलंगावरून खाली सोडावेत आणि मिनिटभर बसून राहावे. घोट्यातून पावले दहा वेळा वरखाली करावीत, मग उठावे. उतारवयात, विशेषतः रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असताना, एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. येथे खुंटी अगदी आयती मिळते: पाय जमिनीला लागणे.

पाण्याचेही तसेच. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, म्हणून ‘तहान लागली की पिईन’ यावर विसंबू नये. सकाळी तांब्या भरून भांडे उपडे घालून ठेवायचे आणि जेवणापूर्वी तो संपवायचा, ही जुनी रीत उत्तम. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

गोळ्यांच्या सवयीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण चूक झाली तर येथे ती महागात पडते. प्रत्येक गोळी चहाच्याच खुंटीला अडकवता येत नाही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि चहा त्यानंतर काही वेळाने. तिची खुंटी दात घासणे ही बरी. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी उशिरा घेतली तर रात्रभर उठावे लागते, म्हणून ती बहुधा सकाळी देतात. संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ‘रोजच्या गोळ्यांत’ मिसळून ती दररोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकते. अशा साप्ताहिक गोळीला वार नेमून द्यावा आणि तिचे पाकीट इतर गोळ्यांपासून वेगळे ठेवावे. आपली प्रत्येक गोळी दिवसाच्या कोणत्या कामाला जोडता येईल, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांनाच विचारा. हा प्रश्न विचारला म्हणून कोणी डॉक्टर रागावला, तर तो माझ्यासारखाच घाईत असतो असे समजा, आणि पुन्हा विचारा.

‘घेतली की नाही’ हा संशय तर घरोघरी असतो. सात कप्प्यांची डबी औषधांच्या दुकानात मिळते. रविवारी ती भरली की कोणता कप्पा रिकामा झाला हे दिसते. तेवढेही नको असेल तर भिंतीवरची दिनदर्शिका आहे. आपल्या पिढीच्या घरांत दूधवाल्याचे खाडे तारखेच्या चौकोनात मांडून ठेवण्याची पद्धत होतीच. त्याच चौकोनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात गोळी घेतल्याबरोबर एक टिंब द्यावे. टिंब दिसले नाही आणि नक्की आठवतही नसेल, तर घाबरून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. अशा वेळी काय करायचे, ते प्रत्येक औषधासाठी आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

आता माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित असलेल्या गोष्टीकडे येतो. वृद्धांच्या सवयी आळसाने मोडण्यापेक्षा अधिक वेळा मोडतात त्या जागा बदलल्याने. आठवून पाहा: मुलाच्या नव्या सदनिकेत राहायला जाणे, सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे अशी पाळी, लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणे, पंधरा दिवस रुग्णालयात काढून घरी परतणे, आणि जोडीदाराचे जाणे. या प्रत्येक प्रसंगी साऱ्या खुंट्या एकदम उखडल्या जातात. तुळस नाही, ओटा परका, चहा सुनेच्या वेळेने होतो, फिरायचा रस्ता ओळखीचा नाही आणि कट्ट्यावरची मंडळीही नाहीत. गावी रोज तीन किलोमीटर चालणारे आजोबा पुण्यात अकराव्या मजल्यावर गेले की दोन महिन्यांत ‘पाय आखडले’ म्हणून तक्रार करतात. मुले म्हणतात, "बाबा अचानक म्हातारे झाले." ते अचानक झालेले नसते.

म्हणून मुक्काम हलवण्यापूर्वी एक काम करा. दिवसातल्या खुंट्यांचा तो कागद पुन्हा काढा आणि प्रत्येकीसमोर लिहा की नव्या घरी तिच्या जागी काय असेल. तुळशीला पाणी घालून झाल्यावर तुम्ही प्राणायाम करीत असाल, तर तेथे एक कुंडी मागवा. ज्या सतरंजीवर बसता, तीच बरोबर न्या. गोळ्यांची डबी हातातल्या पिशवीत असू द्या, सामानाच्या बॅगेत नको. परदेशी जात असाल तर बदलत्या वेळेनुसार गोळ्या आणि विशेषतः इन्सुलिन कसे घ्यायचे, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि पोहोचल्यावर पहिले तीन-चार दिवस ‘आता जरा विसावा’ म्हणून घालवू नका. नव्या जागेत जे पहिल्या आठवड्यात सुरू होते, तेच पुढे चालू राहते, असे मला दिसून आले आहे. जागा बदलण्याचा एक फायदाही असतो, तो सोडू नये: जुनी वाईट सवयसुद्धा त्याच धक्क्याने सैल झालेली असते. रुग्णालयातून परतलेल्या माणसाची तंबाखू सुटली असेल, तर तिचा डबा जेथे असायचा ती खिडकी तो घरी येण्यापूर्वीच रिकामी करून ठेवावी.

जोडीदार गेल्यानंतरच्या दिवसांत नातलग जेवणाची चौकशी करतात, कागदपत्रांची करतात, ती करायलाच हवी. त्यात एका प्रश्नाची भर घाला. "आईंची कोणकोणती कामं बाबा बघायचे?" किंवा "बाबांना कशाकशाची आठवण आई करून द्यायची?" चष्म्याच्या थेंबांपासून विजेच्या बिलापर्यंत, त्या यादीत काय काय निघते हे पाहून तुम्ही चकित व्हाल.

येथे घरातल्या सांभाळणाऱ्यांशी थोडे बोलतो. तुमचे कष्ट मी रोज पाहतो. नोकरी, मुले, घर सांभाळून वडीलधाऱ्यांचे पथ्यपाणी पाहणे सोपे नाही. तरीही एक विनंती आहे. "गोळी घेतली का?", "चाललात का आज?" हे प्रश्न दिवसातून चार वेळा विचारले की त्यांची हजेरी होते, आणि शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला सुनेने हजेरी घेतलेली आवडत नाही. तो "हो" म्हणून मोकळा होतो. शिवाय तुमचा आवाज हीच खुंटी बनली, तर तुम्ही चार दिवस परगावी गेलात की काय होते, ते काकांच्या उदाहरणात आपण पाहिले. त्याऐवजी वस्तू जागेवर ठेवा: चष्म्याच्या घरापाशी डबी, दाराशी काठी आणि न घसरणाऱ्या चपला, खुर्चीपाशी भरलेला तांब्या. आणि जमेल तेथे सोबत करा. "बाबा, फिरायला जा" याच्यापेक्षा "बाबा, भाजी आणायला येता का?" याला होकार लवकर मिळतो.

स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांच्या घरी मात्र हा हिशेब वेगळा. तेथे गोळ्या तुम्हीच द्याव्यात आणि कुलपात ठेवाव्यात. पण वर सांगितलेला तो प्रयोग तेथेही उपयोगी पडतो: ज्यांना सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, त्यांचे हात जुन्या क्रमाने अजून पुष्कळ काही करू शकतात, क्रम आणि मांडणी तीच ठेवली तर. स्नानघरातला तांब्या डावीकडे असायचा, तर तो डावीकडेच ठेवा. घर नीटनेटके करण्याच्या हौसेने सारे काही हलवू नका.

नेम मोडण्याचे प्रसंग येणारच. गौरी-गणपतीत घरात पंधरा माणसे, पावसाळ्यात आठ दिवस अंगणाबाहेर पाऊल टाकता येत नाही, सर्दी-खोकला होतो. मी रुग्णांना सांगतो, मोडला तर मोडू द्या; परत येताना मात्र पूर्वीच्या मापाने येऊ नका. अर्धा तास चालत होतात, तर आजारानंतर दहा मिनिटांनी सुरू करा, पण त्याच वेळी, त्याच खुंटीवर. बहुतेक जण उलटे करतात. भरपाई म्हणून पहिल्याच दिवशी तासभर चालतात, पाय धरतात, आणि मग महिनाभर नाव काढत नाहीत.

काकांचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. पक्षाघातानंतर आम्ही दोघांनी मिळून त्यांचा दिवस कागदावर मांडला. अडचण अशी की त्यांच्या साऱ्या दिवसात एकही खुंटी त्यांची स्वतःची नव्हती. चहादेखील आता शेजारच्या घरून येत असे, कधी सहाला तर कधी आठला. "चहा करता येतो का?" मी विचारले. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी गॅस पेटवला नव्हता. शेजारच्या वहिनींनी शिकवले. डाव्या हाताची पकड कच्ची, म्हणून लहान पातेले आणि उजव्या हाताने धरता येईल असे गाळणे आणले. पहिले आठ दिवस दूध उतू गेले. काकूंची ती वाटी मांडणीत मागे सापडली; ती साखरेच्या डब्याच्या झाकणावर ठेवायची आणि रात्री झोपण्यापूर्वी तिच्यात गोळी टाकून वर झाकणी घालायची, असे ठरले. साखर घ्यायची तर वाटी उचलावीच लागते.

परवा ते तपासणीला आले. रक्तदाब १३४-८२ होता. दिवाळीसाठी महिनाभर मुलीकडे नाशिकला चालले होते आणि बरोबर न्यायच्या गोळ्या लिहून हव्या होत्या. मी चिठ्ठी लिहिता लिहिता विचारले, "तिकडे चहा किती वाजता होतो?"

"साडेसातला," ते म्हणाले. "पण मी सहाला उठून माझा करून घेणार. तिला फोनवर सांगून ठेवलंय, साखरेचा डबा खालच्या फळीवर ठेव म्हणून."

मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि रुमालात गुंडाळलेली ती वाटी मला काढून दाखवली.